येळवशीची कोप

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी "इतिहासावर काहीतरी लिहा" असे चिटणीसबाईंनी सांगितले, तेव्हा प्रथम मला हसूच आले. माझे शिक्षण सातवीपर्यंत. इतिहास म्हटला की उदगीरचा किल्ला आणि १७६० साली सदाशिवरावभाऊंनी निजामाचा तेथे केलेला पराभव, एवढेच शाळेत शिकल्याचे आठवते. त्या किल्ल्याबद्दल लिहायला पुष्कळ विद्वान आहेत. मी लिहिणार आहे ते एका अशा घराबद्दल, जे आपण दर वर्षी सकाळी बांधतो आणि संध्याकाळी मोडतो. मार्गशीर्ष अमावास्येला, म्हणजे आपल्या येळवशीला, शेतात उभी राहते ती कडब्याची कोप. किल्ला दगडाचा म्हणून त्याची बखर लिहिली गेली. कोप गवताची, तिची बखर कोण लिहिणार? तेव्हा हे चार शब्द गोड मानून घ्यावेत.

बाहेरगावाहून सून होऊन आलेल्या भगिनींसाठी थोडे सांगते. लातूर, धाराशिव आणि नांदेडच्या काही भागात, तसेच पलीकडे कर्नाटकात बिदर-कलबुर्गीकडे हा सण होतो. पुण्या-मुंबईकडच्या लोकांना तो ठाऊकही नसतो. कानडीत तिळाला 'एळ्ळु' म्हणतात, आणि तिकडे या दिवसाला एळ्ळ अमावास्या हेच नाव आहे. आपली येळवस तिचीच सख्खी बहीण. पुढे शिकल्या-सवरल्या लोकांनी तिला 'वेळ अमावास्या' असे शुद्ध रूप दिले, पण घरात आपण येळवसच म्हणतो. त्या दिवशी डोईवरून नेतो ती बिंदगी कानडीच्या 'बिंदिगे'तून आली, आणि उंडेही कानडीच. आपल्या स्वयंपाकघरात दोन भाषा एकाच चुलीवर शिजतात.

याला कारण आपला इतिहासच आहे. देवणी तेव्हा उदगीर तालुक्यात होती आणि उदगीर तालुका बिदर जिल्ह्यात, निजामाच्या राज्यात. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद मुक्त झाले. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची फेररचना झाली तेव्हा बिदर जिल्ह्यातले उदगीर, निलंगा आणि अहमदपूर हे तालुके मुंबई राज्यात आले व उस्मानाबाद जिल्ह्याला जोडले गेले. भालकी, औराद, हुमनाबाद म्हैसूर राज्यात गेले. १९६० मध्ये महाराष्ट्र झाला, १९८२ मध्ये लातूर जिल्हा झाला, आणि १९९९ मध्ये देवणी स्वतंत्र तालुका झाला. एवढ्या वेळा कागदावरच्या रेघा बदलल्या, पण अमावास्या बदलली नाही. आमची भालकीकडची सोयरी माणसे त्याच दिवशी त्यांच्या शेतात कोप रचतात आणि आम्ही आमच्या. जिल्हाधिकारी साहेब त्या दिवशी स्थानिक सुट्टी देतात, आणि दुपारी गावात कुत्रेसुद्धा सापडत नाही. तेही शेतातच जेवायला गेलेले असते!

आता कोप कशी रचतात ते सांगते, कारण तेच या लेखाचे मुख्य अंग आहे. कोप रचणे हे बहुतेक घरांत पुरुषांचे काम समजले जाते. आपण बायका आदल्या रात्रीपासून चुलीपुढे असतो. तुरीचे, हरभऱ्याचे आणि वालाचे दाणे सोलायचे, मेथी-चुका निवडायचा, भज्जी रटरटत ठेवायची, ज्वारीच्या पिठाची ताकातली आंबील आंबवायची, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर, तिळाच्या आणि शेंगदाण्याच्या पोळ्या करायच्या. रात्रीचे दोन कसे वाजतात ते कळत नाही. पण मला कोप शिकवली ती माझ्या सासूबाईंनी. आम्ही त्यांना आत्या म्हणत असू. सासरे लवकर गेले, दीर नोकरीला परगावी, म्हणून आत्या स्वतः रचत आणि त्यांची कोप शिवारात सर्वांत पक्की असे.

त्यांची रीत अशी. ज्वारीच्या चांगल्या उंच, न मोडलेल्या कडब्याच्या पाच पेंढ्या घ्यायच्या. पाच पांडवांच्या पाच. जमिनीत एक वीत खोल खड्डे घेऊन बुडखे आत रोवायचे आणि पायाने माती दाबायची. हे झाल्याशिवाय वर हात लावायचा नाही. मी पहिल्या वर्षी घाई करून आधी शेंडे बांधायला गेले. आत्या म्हणाल्या, "अगं पोरी, बुडखं आत गेल्याबिगर शेंडा उभा राहत नाही." मग पेंढ्या आत कलत्या करून शेंडे अंबाडीच्या दोरीने एकत्र बांधायचे. गाठ फार आवळायची नाही. वाऱ्याने कोप थोडी हलली पाहिजे. आवळलेली कोप वाऱ्यात ताटे मोडून घेते, सैल कोप डुलते आणि उभी राहते. मधल्या फटींत सुटी ताटे खोवायची, दार पूर्वेला ठेवायचे आणि शेवटी वरून घोंगडी किंवा नवी शाल पांघरायची. आत चुन्या-कावेने रंगविलेले पाच दगड मांडायचे, ते पांडव. त्यांच्यापुढे आंबिलीचा घट आणि नैवेद्य. पूजा झाली की शेताच्या चारी बाजूंनी आंबील शिंपडत फिरायचे, कारण ज्या काळ्या आईने दिले तिला आधी जेवू घालायचे. त्यानंतर पंगत. रस्त्याने जाणारा अनोळखी माणूस असला तरी हाक मारून बसवायचा. येळवशीला कोणाला निमंत्रण लागत नाही.

संध्याकाळी कोपीजवळ गोवऱ्यांवर दूध उतू घालायचे. ते ज्या अंगाला सांडेल त्या अंगाला पीक चांगले, असे म्हणतात. अंधार पडला की हेंडगा पेटवून पिकाभोवती फिरवायचा. आणि मग कोप उतरवायची. आमच्या घरी तिचा कडबा त्याच रात्री बैलांपुढे टाकण्याची पद्धत आहे. आत्या म्हणत, "माणसांनी आतलं खाल्लं, आता बैलांनी घर खावं." आमच्या दावणीला तेव्हा देवणी बैलांची जोडी होती. सबंध पांढरा तो बालंक्या, पांढरा पण तोंडाला काळा तो वानेरा आणि काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा तो शेवरा, असे या जातीचे तीन प्रकार. आमच्याकडचे दोन्ही वानेरे होते. आपल्या गावाचे नाव हिंदुस्थानभर कोणामुळे माहीत आहे? आपल्यामुळे नव्हे, या गुरांमुळे!

मागच्या डिसेंबरात माझ्या धाकट्या मुलीने मोबाईलवर एक चित्र दाखवले. युरोपात नाताळच्या दिवसांत घरोघरी आल्याच्या खरपूस भाकरीसारख्या बिस्किटांची छोटी घरे बांधतात. भिंती बिस्किटाच्या, छप्पर बिस्किटाचे, आणि चुना म्हणून साखर व अंड्याच्या पांढऱ्याचा घट्ट लेप. जर्मनीत ग्रिमबंधूंनी १८१२ साली छापलेल्या गोष्टींत जंगलातले खाण्याचे घर आले, आणि तिकडे अशी घरे फार आवडती झाली. नॉर्वेमधल्या बर्गन गावी तर १९९१ पासून दर वर्षी सगळे गाव मिळून अशा घरांचे आख्खे शहर मांडते. मुलगी म्हणाली, "आई, ते लोक भिंती आधी वाळू देतात आणि मगच छप्पर ठेवतात, नाहीतर घर कोसळतं." मी म्हटले, आत्यांनी दुसरे काय सांगितले होते? बुडखा आधी, शेंडा नंतर. त्यांचे घर मुले खातात, आमचे बैल खातात. सणही त्याच थंडीच्या दिवसांतले. सातासमुद्रापलीकडच्या बाईला आणि आत्यांना एकच गोष्ट कळली होती, याचा मला फार आनंद वाटला.

पण भगिनींनो, "पक्के घर कोणते?" हा प्रश्न माझ्या आयुष्यात खेळातला नाही. तेही येथे लिहिते.

माझे माहेर औसा तालुक्यात, किल्लारीपासून फार लांब नाही. आमचे घर दगडी माळवदाचे. दोन हात जाडीच्या भिंती आणि वर लाकडी खणांवर पांढऱ्या मातीचा थर. माळवद गळू नये म्हणून दर उन्हाळ्यात नवी माती टाकीत. आजोबा अभिमानाने सांगत की हे घर तोफेलाही दाद देणार नाही. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशीला गणपती बोळवून सगळे दमून झोपले होते. चार वाजायला चार-पाच मिनिटे होती. जमीन गुरगुरली आणि आमचे तोफेलाही दाद न देणारे घर तेवढ्यातच खाली आले. मी, माय आणि धाकटा भाऊ ओसरीत निजलो होतो म्हणून वाचलो. आजी आत होती. ती गेली.

त्या भूकंपात लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून १० हजारांच्या आसपास माणसे गेली. पुढे जाणकारांनी सांगितले ते मला आत्यांच्या बोलण्यामुळे अधिक समजले. भिंतींत गोल दगड नुसत्या चिखलात बसवलेले. बाहेरचा थर वेगळा, आतला वेगळा, आणि दोघांना आरपार बांधणारा लांब दगड मध्ये नाही. वर वर्षानुवर्षे चढवलेल्या मातीचे ओझे. म्हणजे शेंडा जड, आणि बुडख्याला धरून ठेवणारे काही नाही. काही घरांत खांब-तुळयांचा लाकडी सांगाडा घट्ट होता. तेथे भिंती बाहेर पडल्या पण छप्पर तोलून राहिले आणि माणसे वाचली. जे डुलले ते राहिले, जे आवळून ताठ होते ते मोडले. नंतर शासनाने ५२ गावे नवीन जागी वसवली, आणि ठिकठिकाणी जुन्या घरांच्या भिंतींना बांधणी करून दिली. पण ज्यांची माणसे गेली त्यांच्या हाती हे ज्ञान उशिरा आले.

आम्ही चार महिने शेतात राहिलो. मी तेव्हा सातवीत होते. शाळा काही महिन्यांनी पत्र्याखाली भरू लागली आणि मी सातवीची परीक्षा दिली. पुढे जाणे मात्र राहिले, कारण माय दिवसभर मदतीच्या रांगेत आणि मजुरीला, आणि भाऊ सहा वर्षांचा. तो छपराखाली येतच नसे. पावसाचे थेंब पडले तरी पत्र्याच्या निवाऱ्याबाहेर घोंगडी घेऊन बसे. आत ओढले तर असा ओरडे की शेजारच्या निवाऱ्यातली माणसे उठत. कोणी अंगारा दिला, कोणी गोळ्या दिल्या. मायने दोन्ही केले. उपयोग झाला नाही.

जानेवारी १९९४ मध्ये येळवस आली. गावकऱ्यांचे ठरले की यंदा सण नाही. घरटी एक तरी सुतक होते, आणि वर्ष सरल्याशिवाय सण करू नये ही रीत. ते बरोबरच होते. पण मायने आदल्या रात्री ज्वारीचे मूठभर पीठ ताकात कालवले. चुलते रागावले. "लोक काय म्हणतील? आईला जाऊन चार महिने झाले नाहीत." माय त्यांच्यापुढे कधी बोलत नसे. त्या दिवशी बोलली. "भाऊजी, सण मी करत नाही. पण जमिनीनं आपलं माणूस घेतलं म्हणून जमिनीला उपाशी ठेवायची का? त्यांनीच तिला चाळीस वर्षं जेवू घातलं होतं." चुलते काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने तेच खांद्यावर कडब्याच्या पेंढ्या घेऊन आले.

कोप लहानशीच झाली. शाल नव्हती, मदतीत आलेली चादर पांघरली. पोळी नाही, खीर नाही. आंबील आणि भाकरी एवढाच नैवेद्य. पूजा चालली असताना भाऊ दिसेना. शोधाशोध झाली. तो कोपीत, पाच दगडांच्या शेजारी, अंगाचे मुटकुळे करून झोपला होता. चार महिन्यांत प्रथमच तो कशाच्या तरी खाली झोपला होता. माय हळूच म्हणाली, "झोपू द्या. हे घर पडलं तरी कुणाला लागत नाही." त्या वर्षी आमची कोप संध्याकाळी उतरवली नाही. ती पुढे महिनाभर उभी राहिली, आणि तेथूनच भाऊ हळूहळू पत्र्याखाली आला. आज तो स्वतः गवंडीकाम करतो, आणि पायाच्या बाबतीत मालकाशी भांडतो असा त्याचा लौकिक आहे.

आत्यांनी एकदा त्यांच्या लहानपणीची अशीच एक येळवस सांगितली होती. १९४८ च्या जानेवारीतली, रझाकारांच्या दहशतीची. पुष्कळ कुटुंबे हद्दीपलीकडे गेली होती आणि राहिलेल्यांना शिवारात जाण्याची भीती. तेव्हा त्यांच्या आईने शेतातली ओंजळभर काळी माती पदरात बांधून आणली, वाड्याच्या अंगणात ओतली आणि त्यात पाच ताटांची वीतभर कोप रोवली. शेत घरी आले! पुढच्या येळवशीला हैदराबाद मुक्त झाले होते आणि सगळी माणसे पुन्हा शिवारात जेवली.

मी म्हणते तो इतिहास हाच. कोपीचा एकही कडबा मागल्या वर्षीचा नसतो, तरी कोप तीच असते. ती टिकते ती बांधणाऱ्याच्या हातात, आणि आईने लेकीला किंवा सासूने सुनेला शिकवले तरच.

आता काळजीची गोष्ट. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत आपल्या भागात सोयाबीन आले आणि ज्वारी मागे हटली. सोयाबीनने पैसा दिला, मुलांच्या फिया दिल्या, मी त्याला नावे ठेवणार नाही. पण सोयाबीनची कोप होत नाही. कडबा महाग झाला, ट्रॅक्टर आले, दावणी रिकाम्या झाल्या. २०१६ च्या जानेवारीत दुष्काळ होता. त्याच एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. त्या येळवशीला आमच्याकडे पाच पेंढ्याही नव्हत्या. तुराट्यांवर साडी टाकून कोप केली. तुराटी ताठ असते, ती डुलत नाही; वाऱ्याची एक झुळूक आली आणि कोप आडवी झाली. आत्या तेव्हा हयात होत्या. हसल्या आणि म्हणाल्या, "काळी आई समजून घेती." पण आमच्या वानेऱ्यांना त्या वर्षी चाऱ्याअभावी विकावे लागले, आणि त्या रात्री कोपीचा घास खायला दावणीला कोणी नव्हते. आत्या दावणीजवळ बराच वेळ उभ्या होत्या. पुढच्या वर्षी त्याही गेल्या.

आपल्या मंडळाच्या मागील बैठकीत असा विचार निघाला की ज्यांना शेत नाही अशा भगिनींसाठी सभागृहात पुठ्ठ्याची आणि कापडाची तयार कोप मांडावी, म्हणजे छायाचित्रेही चांगली येतील. सूचना करणाऱ्या भगिनींचा हेतू चांगला आहे, आणि शेत नसलेल्यांना सण नसावा असे मी कधीच म्हणणार नाही. अंगणात ओंजळभर माती आणून सण करणारी बाई आपल्याच भागात होऊन गेली. पण तिने ताटे खरी रोवली होती. पुठ्ठ्याची कोप रोवावी लागत नाही, म्हणून ती शिकवावीही लागत नाही; आणि आपल्या मुलींना बुडखा कोणता, शेंडा कोणता, हे कळणार नाही.

म्हणून माझी नम्र सूचना अशी. ज्या भगिनींकडे शेत आहे त्यांनी येत्या मृगात धुऱ्याच्या कडेला ज्वारीचे दोन तास पेरावेत. दोन तासांनी सोयाबीनचे उत्पन्न बुडत नाही. त्यातून आपल्या घरची कोप होईल आणि शेत नसलेल्या एका मैत्रिणीला पाच पेंढ्या देता येतील. मंडळाने येळवशीच्या आदल्या रविवारी मुली-सुनांना कोप रचायला शिकवावे. मी यायला तयार आहे. आमच्या साडेतीन एकरांतले दोन तास मी यंदाच पेरले होते. त्यांच्या पेंढ्या कोठ्यात उभ्या करून ठेवल्या आहेत, आडव्या नाहीत, कारण आडव्या ठेवल्या की ताटे मोडतात.

यंदा आमच्या घरी एक देवणी कालवडही आली आहे. पांढरी आहे, तोंडाला काळी. कोप तिला खाऊ घालायची, असे माझ्या धाकट्या मुलीने आत्ताच ठरवून टाकले आहे.

लिहिण्यात काही उणे-अधिक झाले असल्यास क्षमा असावी.